मास्टोडॉन सर्व्हर उभा करून देणाऱ्या मिरजेच्या ताईंस अनावृत पत्र

गावभाग, सांगली

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

२०१९च्या महापुरात आमच्यापैकी अनेकांच्या घरांत कृष्णेचे पाणी शिरले आणि जुनी छायाचित्रे, पुराच्या खुणांच्या नोंदी संगणकांसह गेल्या. त्या आठवणी पुन्हा गोळा करून आपल्याच ताब्यातील जागी ठेवाव्यात, या इच्छेने आम्ही मास्टोडॉनकडे, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या समाजमाध्यमाकडे, वळलो. मी तर सर्व्हर तळमजल्यावरच्या खोलीत मांडायला निघालो होतो. "पाणी पुन्हा तिथवर आले तर?" एवढेच आपण विचारलेत आणि आम्ही दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर भाड्याने घेतला.

आपले सर्वांत मोठे उपकार डोमेनच्या, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील नावाच्या, बाबतीत आहेत. तात्पुरते नाव घालून चाचणी करू, मग बदलू, असे मी म्हणालो तेव्हा आपण मला तिथेच थांबवलेत. मास्टोडॉनमध्ये प्रत्येक खात्याची ओळख सर्व्हरच्या डोमेनशी बांधलेली असते, अॅक्टिव्हिटीपब या सर्व्हरांच्या आपसातील संवादाच्या पद्धतीने जोडलेले इतर सर्व्हर ती त्याच नावाने लक्षात ठेवतात, आणि म्हणून लोकल डोमेन, म्हणजे खात्यांच्या पत्त्यात येणारे हे नाव, एकदा वापरात आले की ते नंतर बदलता येत नाही, हे आपण कागदावर आकृती काढून समजावलेत. दोन दिवस विचार करून आम्ही नाव ठरवले.

नोंदणीचे ईमेल कोणालाच पोहोचेनात, तेव्हा मी सारा दोष स्वतःच्या सेटिंगला देत बसलो होतो. मेल बाहेर जाण्याचा मार्ग असलेले २५ क्रमांकाचे पोर्टच बंद आहे हे आपण शोधलेत, ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून मेल पाठवणारी सेवा जोडलीत आणि मेल खरोखर आमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएमच्या नोंदी माझ्याकडूनच लिहून घेतल्यात. पोस्ट बाहेर जात नव्हत्या, कारण मास्टोडॉनची मागची कामे उरकणारे साइडकिक सुरूच नव्हते. ते पाच मिनिटांत सुटले.

बॅकअपबाबत मात्र आपण फार कडक राहिलात, आणि ते योग्यच होते. सर्व खाती व पोस्ट साठवणारा पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि चढवलेली छायाचित्रे जपली तरी प्रॉडक्शनच्या एन्व्ह फाइलमधील, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमधील, गुप्त किल्ल्या हरवल्यास द्विस्तरीय लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक कोड) वापरणारे सदस्य अडकून पडतील, म्हणून ती फाइलही वेगळ्या ठिकाणी सांभाळायला लावलीत. शिवाय परत उभा करून पाहिला नाही तो बॅकअप धरायचाच नाही, असे बजावलेत.

गेल्या रविवारी मी तो एकट्याने एका कोऱ्या मशीनवर उभा केला. जुन्या पोस्ट पुन्हा बाहेर जाऊ नयेत म्हणून साइडकिक बंदच ठेवले होते. आयर्विन पुलाच्या पहिल्या छायाचित्रासह सर्व नोंदी जशाच्या तशा दिसल्या. आपल्यासाठी खाते उघडण्याचा आमंत्रण दुवा ईमेलने पाठवला आहे. कृपया या वेळी विषय बदलू नये.

आपला कृतज्ञ,
गावभागातील एक रहिवासी