चि. महेशला, पहिल्या पावसात

चि. महेश,
अनेक आशीर्वाद.

सकाळपासून फोन लावतेय, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर सांगतायत. टीव्हीवर रत्नागिरीला रेड अलर्ट दाखवतायत म्हणून इथे मेसेजमध्येच लिहून ठेवते, तू सड्यावर, त्या वरच्या कातळाच्या माळावर, चढलास की सगळं एकदम येईल तुझ्याकडे. पण तिथे उभा राहून वाचत बसू नकोस, ह्या दिवसात सड्यावर वीज पडते. मेसेज आला की खाली ये आणि घरात वाच.

सायलीला आणि चिऊला घेऊन गुहागरला आपल्या गावी राहायला निघताना तू जे बोललास ते डोक्यातून जात नाहीये. "आई, सारखं चिऊ चिऊ करू नकोस, गावात पण मुलं वाढतात." वाढतात रे, तू पण तिथेच वाढलास, मीच वाढवलं. तेव्हा आज मी माझ्या नातीच्या, चिऊच्या, दम्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाहीये असं ठरवून बसलेय. विहिरीचं आणि बागेचं सांगायचं राहिलं होतं, तेवढंच.

आपली विहीर वाळूत आहे हे लक्षात ठेव. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं, त्याच्या खाली समुद्राचं खारं पाणी असतं, ते जड म्हणून खाली आणि आपलं गोडं त्याच्यावर तरंगत असतं. रहाट होता तेव्हा हळूहळू पाणी निघायचं, वरचंच यायचं. पंप आले आणि लोकांनी तासनतास चालू ठेवले, गोडं पाणी संपलं की खालचं खारं वर चढतं. आमच्या शेजारच्या विहिरीचं तसंच झालं, मे महिन्यात तुरीची डाळ शिजेना त्या पाण्यात, आणि माडांच्या झावळ्या टोकाकडून करपायला लागल्या. म्हणून पंप थोडा वेळच चालवायचा, बंद करायचा, विहिरीला भरू द्यायचं. मार्चपासून रोज सकाळी पाणी जिभेला लावून बघ. आत्ता धो धो पाऊस आहे म्हणून तुला हे खरं वाटणार नाही, तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे पण जांभ्यातून झिरपून आणि डोंगरावरून वाहून सगळा समुद्राला जातो. सड्यावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. आपल्याला निदान विहीर आहे.

आणि चिऊला विहिरीचं पाणी उकळून गार करूनच द्या, सर्दी झाली की तिची छाती भरते.

बघ, आलंच. ठीक आहे, आता आलंय तर बोलतेच.

महेश, तू नकाशा बघून म्हणतोस की गुहागर जवळ आहे, चिपळूण ४५ किलोमीटर आहे. नकाशा सपाट असतो. आपला तालुकाच तीन बाजूंनी पाण्यात आहे, वर दाभोळची खाडी, खाली जयगडची खाडी, पश्चिमेला समुद्र. धोपाव्याहून दाभोळला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोट झाली म्हणून दिवसा सोय झाली, गाडी पण चढते त्यात, पण ती रात्रभर चालत नाही आणि वारा सुटला की बंदच. राहिला चिपळूणचा रस्ता. त्या रस्त्याला लागायचं तरी आधी वाडीतून खाजणाच्या, खाडीकाठच्या त्या खाऱ्या शेतजमिनीच्या, कडेने यायचं, पऱ्ह्यावरचा म्हणजे ओढ्यावरचा साकव, तो छोटा पूल, ओलांडायचा, मग घाटी चढून सड्यावर. पाऊस जोरात असला आणि वरून भरती असली की पऱ्ह्याचं पाणी समुद्रात जातच नाही, तुंबून साकवावरून जातं. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेव. आणि चिपळूणचं पण काय सांगू, २२ जुलै २०२१ ला चिपळूणच पाण्यात होतं, दवाखाने, बाजार, सगळं.

धाकट्या काकांना फुरसं, तो विषारी साप, चावलं ती रात्र तुला माहीत नाही, तू जन्मला नव्हतास. मी नवीन होते घरात. गिरणीचा संप चालू होता, जानेवारी ८२ ला सुरू झालेला, म्हणून त्या पावसाळ्यात पहिल्यांदा मी गावात इतके पुरुष बघितले, एरवी सगळे लालबाग-परळला. काका गोठ्याच्या गडग्याजवळ, दगडी कुंपणाजवळ, गेले होते, पायाला चावलं. सासूबाईंनी ओट्यावर उभं राहून एक हाक मारली फक्त. वरच्या वाडीतनं कंदील खाली येताना दिसायला लागले, एका मागोमाग. लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले, काकांना त्यात चादरीने बांधलं, पुढे दोघं मागे दोघं आणि बाजूने खांदा बदलायला बाकीचे. साकवावर कमरेपर्यंत पाणी होतं, तुझे बाबा खुर्चीच्या खाली हात देऊन चालत होते, इरलं वाहून गेलं त्यांचं. काका वाचले. पाय थोडा आखडला पण वाचले, नंतर कितीतरी वर्षं शिमग्याला पालखीत नाचले.

आता तू मोज. आज रात्री ओट्यावरून हाक मारलीस तर कोण येईल? बाबी आत्या येईल, तिचे गुडघे गेलेत. अण्णा येतील, त्यांना रात्रीचं दिसत नाही. सुताराची आई आणि त्या दोन बहिणी. वाडीत निम्म्याहून जास्त उंबऱ्यांना कुलूप आहे, गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, चार दिवस वाडी कशी भरून जाते, शिट्ट्या, माईक, मुलं, आणि मग एसट्या भरभरून सगळे परत. मला जागेची भीती नाही वाटत रे. ती खाडी, ती घाटी तेव्हा पण होती. माणसं नाहीत ह्याची भीती वाटते.

तूच मला ते आकडे दाखवले होतेस मोबाईलवर. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार माणसं होती आणि २०११ ला १६ लाख १५ हजार. सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती, पावणेदहा कोटींच्या आसपास होती ती सव्वाअकरा कोटींवर गेली, आणि आपल्याकडे कमी झाली. सिंधुदुर्गात पण कमीच झाली. आणि बायका जास्त, २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका, राज्यात मात्र ९२९. तू म्हणालास, बघ आई किती चांगलं, आपल्याकडे मुलींना मारत नाहीत. तेही असेल, पण त्यातली मी एक होते ना, मला माहितीये ते आकडे कशाचे आहेत. पुरुष मुंबईला आणि बायका घरी मनीऑर्डरची वाट बघत. लावणी बायकांनी केली, गुरं बायकांनी ओढली, खारबंधाऱ्याला भोक पडलं तर चिखलाच्या पाट्या बायकांनी टाकल्या, म्हातारी माणसं बायकांनी उचलली. उघाडीची, बंधाऱ्यातल्या पाण्याच्या दाराची, फळी निसटली होती एका उधाणाला, समुद्राचं पाणी खाजणात शिरलं, मी आणि काकी रात्री पेंढा आणि माती कोंबत होतो आणि तू ओट्यावर रडत होतास. भात गेलं ते गेलंच, पुढची दोन-तीन वर्षं जमिनीतला खार उतरेना. आता तर खाजण कोणी लावतच नाही, बंधारा कोण बघणार, अर्ध्या खाजणात कांदळवन आलंय. ते तोडू नकोस हां, कायद्याने पण चालत नाही, आणि उधाणाचा मार तेच खातं.

तू परत गेलास ह्याचा मला राग नाहीये, हे नीट वाच. बाबा सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरतायत की माझा मुलगा बाग करायला गेला, निवास-न्याहारी काढतोय. कितीजण नुसतं बोलतात की रिटायर झालो की गावाला जाणार, आणि जातात ते औषधांची पिशवी घेऊन. तू हातपाय धड असताना गेलास. मला आनंदच आहे, खूप आहे, फक्त तो रात्री टिकत नाही, रात्री मला तिची शिट्टीसारखी छाती ऐकू येते इथे नालासोपाऱ्यात.

म्हणून सांगते ते कर. नेब्युलायझर बॅटरीवर चालणारा घे, पावसाळ्यात लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही. चिऊचा दम्याचा पंप आणि स्पेसर सायलीच्या पर्समध्ये एक आणि घरात एक, दोन्ही. १०८ ला फोन केला की गाडी येते पण फोन लागायला तुला सड्यावर जायला लागणार, तोपर्यंत सायली एकटी, तेव्हा तिने काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, डॉक्टरांकडून लिहून घ्या. वरच्या वाडीत कोणाकडे चारचाकी आहे, कोण रात्री उठतं, ते बघ. गावच्या आशा सेविका ताईंशी ओळख करून घे, त्यांना सगळं माहीत असतं. आणि खारवीवाडीत जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटीवरची पोरं त्या दोन महिन्यात घरी असतात, म्हणजे ह्या दिवसात उचलायला माणसं मिळतील तर तिथेच. आपलं त्यांच्याशी जुनं येणंजाणं आहे, आजोबांचं नाव सांग. ऑगस्टला होड्या गेल्या की मग मात्र... तेव्हा मी येतेच तिकडे, तिकीट काढायला सांगते. गुरांच्या गोठ्याकडे बॅटरीशिवाय जायचं नाही, चिऊला जांभ्याच्या गडग्यात हात घालू द्यायचा नाही. विंचवाची भीती आता पूर्वीसारखी नाही, महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्यावर उपाय शोधल्यापासून मुलं वाचायला लागली, आमच्या लहानपणी विंचू म्हटला की आशाच सोडायची. पण तरी वेळेत पोचायला लागतंच ना.

झालं, लेक्चर दिलंच मी. सॉरी. तू चाळिशीला आलास आणि मी तुला बॅटरी घेऊन जा सांगतेय.

खोल्यांचं मात्र ऐक. सुरूच्या बनापलीकडे बांधायचं तुझं जे चाललंय ते नको. सीआरझेडचा, किनाऱ्यावरच्या बांधकामाचा, नियम तूच वाचून दाखवलास, २०१९ चा, की गावची वस्ती दाट असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर सोडायचे आणि विरळ असेल तर २०० मीटर. आपली विरळच धरणार. परवानगी मिळो न मिळो, घराच्या मागे बांध, पोफळीच्या बाजूला. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, तिकडे दापोली-मंडणगडला बागाच्या बागा आडव्या झाल्या, आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते. माड लावून सहा-सात वर्षांनी धरतो, एका दुपारी जातो. समुद्र आपल्या पुळणीवर, वाळूच्या किनाऱ्यावर, दरवर्षी थोडा आत येतोय, जिथे आम्ही तुला वाळूत बसवायचो तिथे आता भरतीचं पाणी असतं.

शाळेचं काय झालं ते कळव. पट कमी म्हणून आपली शाळा बंद करतात की काय अशी चर्चा होती, चिऊ धरून किती मुलं होतात बघ, गुरुजींना भेट. एका मुलाने पण फरक पडतो तिथे. आणि जनगणना आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणारे, सोळा वर्षांनी. तुम्ही तिघं तिथेच मोजले जाणार, वाडीत. बाबांना हे सांगितलं तर ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

सायलीला सांग तिच्या आईचा फोन आला होता, फेण्या आणि पापड पाठवतायत, मी येताना घेऊन येईन. आगोट, पावसाळ्याचं सामान, भरली होती ना नीट? मीठ, कांदे, रॉकेल मिळालं नाही तर मेणबत्त्या. आणि गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहून दरवाज्यामागे चिकटवलास का, मोबाईलमध्ये ठेवू नकोस, बॅटरी संपते. ते आधी कळव, बाकीचं नंतर बोलू.

तुझी आई