सूझाफोनवाल्या काकांना, माजी वादकांकडून

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मार्चिंग बँडच्या माजी वादकांचा यंदाचा मेळावा पार पडला. मैदानावर वादकांनी चालत लिहिलेले चारी ‘ओहायो’ उमटले, चारी ‘आय’वर टिंबं पडली आणि एकाही सूझाफोनचा, म्हणजे अंगाभोवती अडकवून खांद्यावर पेलायच्या अवाढव्य पितळी वाद्याचा, भोंगा खाली आला नाही. या शेवटच्या गोष्टीचं श्रेय कोलंबस या विद्यापीठाच्या शहरातल्या तुमच्या गराजचं, तिथल्या दुरुस्तीचं. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण दरवर्षी तुमच्या दारात तेच ते बिघाड येऊन पडतात आणि त्यातले निदान निम्मे घरच्या घरी टाळता येतात. तुमचे आभार मानता मानता तेही सांगून टाकतो.

ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३४ पासून हा फक्त पितळी वाद्यांचा आणि तालवाद्यांचा बँड आहे. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही. १० ऑक्टोबर १९३६ ला पिट्सबर्गविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात वादकांनी पहिल्यांदा एकामागोमाग एक चालत मैदानावर वळणदार अक्षरांत ‘ओहायो’ लिहिलं. कल्पना युजीन वायगल या संचालकांची. ‘आय’वरचं टिंब म्हणजे तिथे जाऊन उभा राहणारा एक वादक. पहिलं टिंब एका कॉर्नेटवाल्याने (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखं छोटं वाद्य) दिलं. पुढच्या वर्षी वायगल यांनी ते काम ग्लेन जॉन्सन या सूझाफोनवाल्याकडे सोपवलं. १९३८ मध्ये ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे चालणारा प्रमुख, काही मात्रा आधीच ‘आय’च्या डोक्यावर येऊन उभा राहिला. संगीत तर उरलेलं. मग जॉन्सन यांनी वेळ भरून काढायला एक जोरदार लाथ हवेत झाडली, गिरकी घेतली आणि वाकून नमस्कार केला. प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की तोच आजचा रिवाज. पाहुण्यांपैकी विनोदी नट बॉब होप आणि अंतराळवीर जॉन ग्लेन यांनाही टिंबाचा मान मिळाला, पण एरवी तो शेवटच्या वर्षाच्या सूझाफोनवाल्याचाच.

आणि नेमकं तिथेच तुमचं काम सुरू होतं. पितळी सूझाफोन १५ किलोच्या आसपास, जुना जाड पत्र्याचा असेल तर आणखी जड. नळी उलगडली तर साडेपाच मीटर. सगळा भार एका खांद्यावर, आणि सर्वांत वर २६ इंची भोंगा, तीन फुलपाखरी स्क्रूंवर धरलेला. टिंब देणारा कमरेतून वाकतो, तेव्हा या भोंग्याचं सगळं वजन त्या गळ्याच्या कड्यावर येतं. घरात अडगळीत आडवा पडलेल्या वाद्याचं हे कडं हळूहळू लंबगोल होतं. मग भोंगा नीट बसत नाही, थोडा डुगडुगतो, आणि माणूस काय करतो? स्क्रू आणखी आवळतो. तेवढ्याने आटे जातात आणि डुगडुग तशीच राहते. तुम्ही स्क्रूंना हात न लावता आधी कड्यात लाकडी गोल ठोकळा घातलात, चिंध्या गुंडाळलेल्या हातोडीने बाहेरून हलके हलके ठोकत, दर चार ठोक्यांनी वाद्य फिरवत, कडं गोल केलंत. मग भोंगा आपल्या आपण खाली सरकून टेकला. स्क्रू फक्त बोटांनी. पक्कड नको, हे तुम्ही प्रत्येकाला बजावलंत आणि ते पटलं.

मेळाव्याला येणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण मात्र अडकलेल्या स्लाइडची, म्हणजे सूर जुळवायला आतबाहेर सरकवायच्या नळीची. वर्षानुवर्षं न काढलेल्या स्लाइडमध्ये जुनं ग्रीस वाळून खडखडीत होतं, थुंकीचा क्षार बसतो, वर पितळ कळकतं. तिन्ही मिळून पक्का सिमेंट. उन्हात वाद्याचा सूर चढतो, तो उतरवायला मुख्य स्लाइड ओढावी लागते, आणि ती हलत नसेल तर तो एक माणूस पूर्ण रांगेशी बेसूर वाजत राहतो. तुमची पद्धत अशी: जोडाच्या फटीत भेदक (बारीक फटीत झिरपणाऱ्या) तेलाचे चार थेंब, रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी त्या भागावर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं, मग स्लाइडच्या वळणातून सुती पट्टा घालून सरळ रेषेत एक झटका. नाही निघाली तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. घाई करणाऱ्याला तुम्ही दोनच गोष्टी सांगता. पक्कडीने धरलं की नळी चेपते आणि मग ती कधीच नीट बसत नाही. थेट ज्योत लावली तर नळ्या सांधणारा शिसं-कथिलाचा डाग १८३ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, आणि स्लाइडऐवजी शेजारचा टेकूच सुटून हातात येतो.

अडकलेल्या माउथपीसचंही तेच. लोक पिरगाळतात, वाद्याची पिळवटलेली मान घेऊन येतात. माउथपीस काढायचं छोटं साधन मिळतं, दोन बाजूंनी सारखा दाब देतं. एका रांगेत एक असलं तरी पुरे.

वाल्व्हचा, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबायच्या झडपांचा, तुमचा धडा तर प्रत्येक माजी वादकाने पाठ करावा. वाल्व्हमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. साफसफाईनंतर दोन पिस्टनची अदलाबदल झाली की हवा जात नाही, आणि माणूस घाबरून वाद्य बिघडलं म्हणतो. वरच्या टोपीखालचं नमदं (दाबलेल्या लोकरीची चकती) दबून पातळ झालेलं असेल तर पिस्टनचं भोक नळीच्या भोकासमोर येत नाही. आवाज बंद बंद, कोंडल्यासारखा होतो. दुसऱ्या बाजूची नळी काढून छोट्या आरशाने बघितलं तर मिलिमीटरचा फरकही दिसतो. नवं नमदं बसवायला दोन मिनिटं लागतात, ते नमदंच कारण आहे हे ओळखायला मात्र अनुभव. शिवण मशीनचं किंवा खोबरेल तेल वाल्व्हला घालू नये; पिस्टन मंद होतो. नोव्हेंबरच्या थंडीत तर आत साचलेलं पाणी गोठून पिस्टन जागच्या जागी थांबतो. पाणी झटकत राहणं एवढाच उपाय, आणि त्यासाठी पाणी काढायच्या चावीचा बूच शाबूत हवा. तो कडक झाला तर हवा झिरपते आणि खालचे सूर थरथरतात. बूच बदलायला खर्च जवळजवळ नाहीच.

एक गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. तुम्ही सगळंच दुरुस्त केलं नाहीत. नळीवर गुलाबी ठिपके दिसले, तर पितळातलं जस्त आतून निघून गेलेलं असतं आणि वरून कितीही पॉलिश केलं तरी ते थांबत नाही. अशा वेळी तुम्ही मालकाला थेट सांगितलंत, की ही नळी बदला, घासू नका. भोंग्याच्या कडेला पोचा असेल तर तोही तुम्ही ठेवलात. तो दिसायला वाईट, पण स्वराला फारसा बाधत नाही. तसाच पोचा माउथपीसजवळच्या नळीत असता तर तुम्ही तो आधी काढला असता. तुमच्यासारख्या निवृत्त इंजिनियराचा हा हिशेब आम्हाला फार आवडतो. वाद्य चकचकीत करून देणारे पुष्कळ भेटतात.

बँडची बातमीही द्यायला हवी. आजचे विद्यार्थी अजून तशीच ‘खुर्ची’ चाल चालतात: मांडी जमिनीला समांतर, पायाचा चवडा खाली, पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. रॅम्पवरून मैदानात येताना मिनिटाला १८० ठोके. माजी वादकांना ही चाल दोन मिनिटांतच दम आणते, आणि म्हणून आमच्यातले पुष्कळजण सराव गुडघ्यांचा करतात, वाद्याचा नाही. ‘ओहायो’ लिहिताना ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे एका माणसाच्या फटीतून पुढचा सरकतो. तिथे कुणी अडखळलं की मागची पूर्ण ओळ अडखळते. अशा गर्दीत डुगडुगणारा भोंगा किती धोक्याचा, ते तुम्हीच जाणता.

पुढच्या मेळाव्यासाठी सगळ्यांना एक विनंती: वाद्य महिनाभर आधी बाहेर काढा. कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण, लांब दांड्याचा लवचीक ब्रश, नमदं आधी काढून ठेवा. उकळतं पाणी नको, लॅकर (पितळावरचा चकचकीत लेप) निघतं. प्रत्येक स्लाइड काढून ग्रीस लावा. मग वाल्व्ह न दाबता एकेक वाल्व्हची स्लाइड थोडी ओढा आणि मग वाल्व्ह दाबा. ‘पॉप’ असा आवाज आला तर हवा झिरपत नाही. नाही आला, तरच काकांना फोन करा. आणि आठवड्याच्या शेवटी करा, शुक्रवारी रात्री अकराला नको.

काकूंनाही नमस्कार. तेलाच्या वासाच्या गराजमध्ये तासन् तास बसलेल्या इतक्या लोकांना त्यांनी चहा पाजला.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
के आणि एल या सूझाफोनच्या रांगांतले माजी वादक