सरकारी पनीर आमच्या फ्रीजमध्ये आहे, घेऊन जा

मा. मंत्रिमहोदय
(अन्नसुरक्षेचं खातं आज ज्यांच्याकडे असेल ते),
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेले एकोणीस दिवस आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे दोनशे ग्रॅम पनीर ठेवलेलं आहे. ते खाण्यासाठी नाही, आपल्या अधिकाऱ्यांसाठी आहे.

ऑनलाइन मागवलं होतं, अकरा मिनिटांत आलं. पाकीट उशीसारखं फुगलेलं. तारीख बघायला उजेडात धरलं तर लेबलावर दुसरं लेबल. नखाने खरवडलं, खालची तारीख उलटून चार दिवस झालेले. ॲपवर तक्रार केली तर अर्ध्या मिनिटात पैसे परत आणि वर ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’. मला पैसे नको होते. त्याच खोक्यातली बाकीची पाकिटं कुणाकुणाच्या घरी गेली ते विचारायचं होतं, पण तसा पर्याय त्या चॅटमध्ये नाही. मग एका सरकारी कार्यालयात फोन केला. कुठल्या ते लिहीत नाही, उगाच तिथल्या बाईंवर शेकेल, आणि नीट बोलल्या त्या एकट्याच. म्हणाल्या, “टाकून देऊ नका, उद्या माणूस येऊन नमुना घेईल.” तो उद्या अजून उजाडायचा आहे. सासूबाई फ्रीज पुसताना विचारतात, “हे सरकारी पनीर जरा हलवू का गं?”

एरवी मी सोडून दिलं असतं. पण लेकीला कावीळ झाली आहे. हिपॅटायटिस ए. बारावीचं वर्ष, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून असते. डोळे हळदीसारखे. आमच्या कॉलनीतली ही सातवी केस, आणि गॅस्ट्रो तर घरटी एक म्हटलं तरी चालेल. शेजारचे प्रेमाने उसाचा रस आणून देतात, तोही बर्फ घातलेला. मी गुपचूप मोरीत ओतते.

पनीरमुळे झालं असं मी म्हणत नाही, ते आम्ही खाल्लंच नाही. डॉक्टर म्हणाले, विषाणू पोटात गेल्यापासून १५ ते ५० दिवसांत कधीही लक्षणं दिसतात. पाणी असेल, बाहेरचं खाणं असेल, सांगता येत नाही. म्हणून रात्री तिच्या उशाशी बसून मागच्या ५० दिवसांच्या ऑर्डरी काढल्या. एकतीस निघाल्या. लाज वाटली, पण नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईने ती किती वाटून घ्यायची? बघता बघता लक्षात आलं की चार निरनिराळ्या हॉटेलांचा चौदा आकडी परवाना क्रमांक एकच आहे. बिर्याणी, चायनीज, सॅलड आणि ‘घरगुती मालवणी थाळी’, सगळं एकाच गाळ्यातून! रविवारी पत्ता शोधत गेले. नाल्याला लागून गाळा, शटर गुडघ्यापर्यंत खाली. वाकून बघितलं. एका निळ्या पिंपात कोथिंबीर बुचकळत होते आणि त्याच पिंपात मग घालून एक पोरगा हात धूत होता. वॉचमन म्हणाला, “मॅडम, फोटो नाय काढायचा.”

घरगुती म्हणे.

आता आमचं गिऱ्हाइकांचं शहाणपणही ऐका. २०२० मध्ये आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या. पार्सलं जिन्यात तीन-तीन दिवस ठेवली, कारण प्लास्टिकवर विषाणू ७२ तास टिकतो असं छापून आलं होतं. दिल्लीत पिझ्झा पोचवणाऱ्या एका मुलाला कोविड निघाला, ७२ कुटुंबं क्वारंटाइन झाली, आणि आमच्या सोसायटीने पार्सल आणणाऱ्या पोरांना गेटच्या आत यायची बंदी केली. मे महिन्यात वाशीचं घाऊक मार्केट आठवडाभर बंद राहिलं तेव्हा ॲपवर स्लॉट मिळावा म्हणून मी पहाटे तीनला उठून बसायचे. आणि तो आजार अन्नातून किंवा पाकिटातून पसरल्याचा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती! आज कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे खरोखर ताटातून येणारे आजार दारात उभे आहेत, आणि तेच पाकीट आम्ही हातही न धुता फोडतो. सील आहे ना, ४.३ स्टार आहेत ना, कुणाचा हात लागला नाही ना! साथ आली की आम्ही बाजारातल्या गर्दीला घाबरतो आणि फोनवर भरवसा टाकतो. रिक्षा ओरडत जाते, ‘उघड्यावरचे पदार्थ खाऊ नका’. अहो, नाक्यावरचा वडापाववाला उघड्यावर बसतो म्हणून तर मला त्याची कढई दिसते. (चटणीचं सोडा.) शटरमागचं मी कसं बघू? त्यासाठी तुमचं खातं आहे ना?

कायदे आहेत, मी वाचले. मुलगी आजारी असली की रात्र मोठी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं, माल पोचेल तेव्हा मुदतीतला ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. माझ्या पनीरचे उणे चार. जून २०२५ मध्ये धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा (म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीच्या गोदामाचा) परवाना बुरशी आणि साचलेल्या पाण्यापायी निलंबित झाला, तेव्हा वाटलं, चला, सुरुवात झाली. शेवटही तोच होता की काय? २००६ च्या कायद्याच्या कलम ४० खाली गिऱ्हाईक स्वतः फी भरून अन्न तपासून घेऊ शकतं. विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस. म्हणजे पनीर मी घ्यायचं, जपायचं मी, फी मी भरायची. मग मत कशासाठी दिलं होतं?

आमच्या एका बिल्डिंगमध्ये दिवसाला शंभरेक पार्सलं येत असतील. सव्वा कोटींची मुंबई, तीही २०११ च्या मोजणीची. करा गुणाकार. तपासणारे किती, विचारलं तर उत्तर, “पदं रिक्त आहेत.” शाळेत तेच, दवाखान्यात तेच. पदं सगळीकडे रिक्त, वाढदिवसाच्या बॅनरवर मात्र एक इंच जागा रिक्त नाही. कंपनी म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ, पालिका म्हणते राज्याला विचारा, राज्य म्हणतं केंद्राचा कायदा आहे. परवा पार्सल घेऊन आलेला पोरगा तापाने फणफणलेला होता. पाणी दिलं, विचारलं, सुट्टी का नाही घेत? “आयडी खाली जाते, काकी, मग ऑर्डरी कमी मिळतात.” त्या गाळ्यातल्या पोराला जुलाब लागले तरी तोही कामावर येणारच, पगारी रजा कुठली त्याला? आणि त्याच्या बोटांवरून निघालेली साथ दहा मिनिटांत आमच्या दारात.

मागणं फार नाही. ॲपवर गाळ्याचा खरा पत्ता आणि शेवटची तपासणी झाल्याची तारीख दाखवा, त्या स्टारांएवढ्याच मोठ्या अक्षरांत. साथीच्या महिन्यांत न कळवता धाडी घाला. आणि पनीर न्यायला माणूस पाठवा. सकाळी साडेसहा ते आठ नको, पाणी भरायचं असतं. बाकी सासूबाई दिवसभर घरीच असतात. ‘पनीर न्यायला आलोय’ एवढंच सांगायचं, त्यांना सगळं ठाऊक आहे.

आपली,
एक मतदार,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)