आजोबांना अग्नी मिळाला होता

प्रिय दत्ता,

आजोबा सापडले. कबर नाही सापडली, आणि ती नाहीच हे कळल्यावर अण्णा रडले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

घरात माहिती एवढीच, की आजोबा मराठा पलटणीतून इटलीला गेले आणि मग तार आली. ती तार पुढे हरवली. अण्णा तेव्हा दीड वर्षांचे. तिथी ठाऊक नाही म्हणून आजोबांचं पान आम्ही दरवर्षी सर्वपित्रीलाच वाढतो, तूही ते पाहिलंयस. गेल्या वर्षी पान ठेवून आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "परमुलखात मातीत घातलं असेल रे. अग्नी कोण देणार तिथं?" ऐंशी वर्षं हे त्यांच्या मनात होतं आणि मला पत्ता नव्हता.

मग शोधायला बसलो. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे असतात आणि त्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. पण आजोबांचं नाव ज्ञानू. त्या साहेबांनी 'ज्ञ' इंग्रजीत कसा लिहिला असेल? डी-एनने शोधलं, जी-एनने शोधलं, जे-एनने शोधलं. आडनावाचीही तीच गत. मधे भीती वाटली, की माणगावच्या यशवंत घाडग्यांसारखं असेल. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देह मिळाला नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

शेवटी आजीच्या ट्रंकेतलं पेन्शनचं जुनं पुस्तक कामी आलं. त्यावर आजोबांचा पलटणीतला नंबर होता. तो टाकला आणि एकच नोंद आली. नाव ओळखू येणार नाही असं लिहिलेलं, पण खाली वडिलांचं नाव, आपलं गाव, जिल्हा सातारा. तारीख डिसेंबर १९४३ ची. नोव्हेंबरात आपल्या पलटणी पुराच्या पाण्यात सांग्रो नदी ओलांडून गेल्या होत्या, त्याच्या पुढच्या लढाईतली.

आणि ठिकाण: सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल. दत्ता, तिथं पाचशेहून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे दहन दिलं त्यांची. मी अण्णांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

गुरुजींनी १९४३ चं पंचांग पाहून मार्गशीर्षातली तिथी काढून दिली. यंदा पितृपक्षात आजोबांचं पान त्यांच्या तिथीला पडेल.

आता एक काम. अण्णांना आता एवढा प्रवास झेपणार नाही. तू म्युनिकला आहेस, सुट्टीत तोरिनो दि सांग्रोला जाशील का? अॅड्रिआटिकच्या बाजूला, आब्रुत्झोत आहे. नोंदीची प्रत सोबत जोडलीय, नाव तसंच कोरलेलं असेल. नावाचा फोटो काढ, आणि आजूबाजूचाही. तिथून नदी दिसते का, असं अण्णा रोज विचारतात.

तुझा,
बाळू