गंधार आणि वीस मिलिव्होल्ट

पुणे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. सूरपेटीचा ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारं सर्किट, व्होल्टेजवर चालवायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. "डिजिटल पॉट ड्रॉवरमध्ये पडलाय, तोच लावू का?" असं विचारलंयस, म्हणजे आकड्याने पायरी-पायरीने बदलणारा रोध. नको लावूस. डॅकच घे, म्हणजे आकड्याचं थेट व्होल्टेज करणारी चिप.

तुझा ऑसिलेटर एका व्होल्टला एक सप्तक चढतो, म्हणजे अर्धस्वराला ८३ मिलिव्होल्ट. तुझ्या पॉटला, एमसीपी ४१०१० ला, पायऱ्या २५६. पाच व्होल्टवर एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे २३ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). आता षड्जाच्या ५/४ पट आणि ८१/६४ पट हे दोन गंधार आठव. त्यांच्यातलं अंतर, म्हणजे प्रमाणश्रुती, साडेएकवीस सेंट. पॉटची एक पायरी प्रमाणश्रुतीहून मोठी झाली! तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आपण किती वेळ डोळे मिटून ऐकत बसायचो. त्याच्या शेजारी असा सूर कसा सहन होईल?

शिवाय पॉटमागे बफर, म्हणजे पुढचा भार पॉटवर येऊ न देणारं सर्किट, नसेल, तर १० किलोओहमच्या पॉटवर ऑसिलेटरच्या १०० किलोओहम इनपुटचा भार पडतो. मधोमध सुमारे ६० मिलिव्होल्ट गळतात, टोकांना जवळपास काहीच नाही. म्हणजे सप्तक मध्येच वाकतं. बफर लावलास की हे सुटेल, पायरी मात्र तेवढीच राहील.

एमसीपी ४८२२ या डॅकमध्ये रेफरन्स, म्हणजे मोजमापासाठीचं स्थिर व्होल्टेज, आतच आहे. दुप्पट गेनवर, म्हणजे तो रेफरन्स दुप्पट वाढवून, ४.०९६ व्होल्टपर्यंत बरोबर एक-एक मिलिव्होल्टच्या पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी १.२ सेंट. चार सप्तकं तुला पुरतील. रेफरन्सची गोष्ट हलक्यात घेऊ नकोस. मी पहिल्यांदा एमसीपी ४७२५ हा दुसरा डॅक लावला होता. त्याचा रेफरन्स म्हणजे त्याचा सप्लायच. डिस्प्ले उजळला की यूएसबीचे पाच व्होल्ट किंचित खाली यायचे आणि षड्ज डळमळायचा. दोन रात्री मी ऑसिलेटरलाच दोष देत बसलो. वरच्या टोकाला सप्लाय एक टक्का हलला की ५० मिलिव्होल्ट जातात, म्हणजे ६० सेंट.

४८२२ सुद्धा अगदी सरळ रेषेत चालतोच असं नाही. डेटाशीटप्रमाणे चूक १२ पायऱ्यांपर्यंत जाऊ शकते. पण ती दुरुस्त करता येते. मायक्रोकंट्रोलरलाच ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी मोजायला लाव, प्रत्येक स्वराला किती मिलिव्होल्ट लागतात त्याचा तक्ता बनव आणि तो साठवून ठेव. ऑसिलेटरचा स्वतःचा बाकही त्यातच निघून जातो. पॉटला असा तक्ता देऊन उपयोग नाही, हवा तो आकडा दोन पायऱ्यांच्या मध्येच अडकतो.

पॉट फेकू नकोस, आवाज कमी-जास्त करायला तो उत्तम आहे.

माझ्याकडे दोन ४८२२ पडून आहेत. रविवारी बोर्ड घेऊन ये, मी तानपुरा लावून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच