तो जाणकार कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

5 डिसेंबरचा आपला अंक नेहमीप्रमाणे दुपारच्या एसटीने गावात आला. पहिल्या पानावर आदल्या दिवशीच्या भूकंपाची बातमी आणि त्याखाली काळी चौकट : ‘24 तासांत आणखी मोठा धक्का बसण्याची शक्यता – जाणकार’. हा जाणकार कोण, कुठला, करतो काय, याचा चौकटीत पत्ता नाही. पण अक्षरं ठळक होती, गावाला तेवढं पुरलं. अंधार पडायच्या आत अर्ध्या गावाच्या खाटा अंगणात आल्या. माझी आई 84 वर्षांची. दोन घोंगड्या आणि पायथ्याशी शेकोटी घेऊन तीही बाहेर. मी समजवायला गेलो तर म्हणाली, “पेपरात आलं हाये ना बापू, मंग?” पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर ती खोकत होती. आणि आमच्याकडे उघड्यावर झोपणं म्हणजे काय, ते आपल्याला तिकडे बसून कळायचं नाही. भूकंप येईल न येईल, वाघ याच जंगलात फिरतो.

भूकंप कोणत्या दिवशी, कुठे, केवढा होणार हे आगाऊ सांगणारा अजून जन्माला यायचा आहे. मोठ्या धक्क्यामागून धक्के येतात, ते बहुतेक वेळा लहान असतात, क्वचित उलटंही होतं. पण त्याला ‘24 तास’ अशी मुदत आपल्या जाणकाराने कुठून आणली? बियाण्याच्या पिशवीवर असते तशी?

आता मथळा. ‘अहेरीत 5.3 तीव्रतेचा भूकंप’. अहो, 5.3 हा आकडा अहेरीचा नाही, तेलंगणातल्या मुलुगूकडे जमिनीखाली जे सरकलं त्याचा आहे. भूकंपाची महत्ता, म्हणजे मुळाशी सुटलेल्या ऊर्जेचं माप, एकच असते; तीव्रता, म्हणजे त्या त्या जागी जाणवणारा जोर, गावागणिक बदलते. लग्नातला डीजे घ्या. मंडपात छाती धडधडते, चार घरं सोडून मांडणीवरची भांडी वाजतात आणि शिवारातल्या माणसाला वाटतं, कुठेतरी लग्न आहे. डीजे तोच ना? शिवाय हा धक्का 40 किलोमीटर खोलवरचा, म्हणून नागपूरपर्यंत जाणवला आणि पडझड फार झाली नाही. त्याच बातमीत आपण किल्लारीची आठवण काढून लोकांना घाबरवलंत. 30 सप्टेंबर 1993चा तो भूकंप 6.2च्या आसपासचा होता. हा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे परवाच्या धक्क्याहून किल्लारीचा वीसपटीहून मोठा, तोही उथळ, आणि माणसं झोपेत दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. आमची घरं सागाच्या खांबांवर कवेलूंची.

बुधवारी सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी मी चहा घेत होतो. आधी खालून एक ठोसा बसल्यासारखं झालं आणि मांडणीतल्या पितळी गंजावरचं झाकण किणकिणलं. मला वाटलं, ट्रक. कप खाली ठेवून दारात गेलो तर रस्ता रिकामा. तेवढ्यात सगळं घर आडवं झुललं. या दोन्हींत दहा-पंधरा सेकंदं गेली असतील. पहिली ती प्राथमिक लहर, ढकलत येणारी, वेगाने पुढे निघणारी. मागून दुय्यम लहर, आडवी हलवणारी. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजतो, तसंच इथे मोजायचं. दोन लहरींमधल्या एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरा. मुलुगूकडचं ते ठिकाण इथून शंभराच्या वर किलोमीटर आहे, हिशेब जुळतो. शाळेत मी पोरांना व्हरांड्यात रांगेत उभं करून शेवटच्याला ढकलायचो. धक्का पुढच्या पोरापर्यंत जायचा, पोरं मात्र जागच्या जागीच. असं काही छापायला जाणकार लागत नाही.

‘आपल्याकडे भूकंप कसा?’ हेही आपण विचारलं आहे. प्राणहिता-गोदावरीचं हे खोरंच मुळी दोन्ही बाजूंच्या प्रस्तरभंगांमध्ये, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांमध्ये, खचलेला पट्टा आहे. याच पट्ट्यात भद्राचलमजवळ एप्रिल 1969मध्ये 5.7चा धक्का बसला होता.

ट्रकचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. खनिजाचे ट्रक आमच्या दारावरून रात्रंदिवस जातात, मागच्या भिंतीला बोटभर चीर गेली आहे. त्यावर मी आपल्याला दोन पत्रं पाठवली, एकही छापलं नाही. रोज हलतं ते चौकटीत बसत नसावं.

असो. दुरुस्ती छापणार असाल तर त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. आई अजून बाहेरच झोपते आणि तिला बारीक अक्षर दिसत नाही.

– एक निवृत्त शिक्षक, ता. अहेरी, जि. गडचिरोली