गटोपचार बाजाराच्या दिवशी व्हावेत

महोदय,

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या आणि रात्र रात्र झोप नाही, अशी चिंतेतून येणारी तक्रार सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत घेऊन गेलेल्याला आमच्याकडे बहुधा सलाईन लावून परत पाठवतात. मलाही दोनदा लावले. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे खरा, पण घरात सगळ्यांदेखत फोनवर बोलणार कोण? गटोपचारात आठ-दहा जण समुपदेशकासह गोलाकार बसून आपापली भीती बोलून दाखवतात, टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जातात, तेव्हा 'हे मला एकट्यालाच होते' हा समज सैल होतो. ग्रामीण रुग्णालयात असा गट आठवडी बाजाराच्या दिवशी भरवावा, म्हणजे तालुक्याला येण्याचे कारणही कोणाला सांगावे लागणार नाही.

– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ